फलाटावरची भिंत कुणाची?

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे स्टेशने रंगवण्याची लाट आली आहे. कालपर्यंत ज्या भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या आणि 'येथे थुंकू नये' ही सूचना शेजारी शेजारी सुखाने नांदत होत्या, तिथे आज वारली नर्तक फेर धरतात, गडाचे बुरूज उभे राहतात, मोर पिसारा फुलवतात. एखादे दिवशी कुणी मान्यवर येऊन फीत कापतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि आपण सकाळच्या चहाबरोबर ते कौतुकाने पाहतो. कौतुक करण्यासारखे ते आहेच. रंगवलेल्या भिंतीवर थुंकताना माणूस थोडा तरी अडखळतो, एवढा लाभ झाला तरी रंगाचे पैसे वसूल झाले असे म्हणायला हरकत नाही.

तरीही या चित्रांविषयी माझी एक तक्रार आहे. ती चित्रे त्या स्टेशनची नसतात. भिंत सोलून काढून दुसऱ्या स्टेशनवर नेऊन लावली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. प्रत्येक वेळी 'स्थानिक इतिहास आणि संस्कृती' असे शब्द उद्घाटनाच्या भाषणात असतात. पण स्थानिक म्हणजे नेमके कुठले, आणि इतिहास म्हणजे नेमका कुणाचा, हे दोन प्रश्न विचारायचे राहून जातात.

हे प्रश्न विचारायला बोरीबंदरपेक्षा चांगली जागा नाही. आज आपण ज्याला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतो ती इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे बांधली जात होती. वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. घुमटावर प्रगतीची देवता, तिच्या हातात मशाल. दर्शनी कमानींवर व्यापार, शेती, शास्त्र आणि अभियांत्रिकी यांच्या मूर्ती. फाटकाच्या एका खांबावर ब्रिटनचा सिंह, दुसऱ्यावर हिंदुस्थानचा वाघ. हे सारे साम्राज्याचे मिरवणे होते, यात शंका नाही. घड्याळाखालच्या कोनाड्यात खुद्द राणी उभी होती. स्वातंत्र्यानंतर तिला तिथून हलवले, आणि तो कोनाडा अजून रिकामा आहे.

पण मान थोडी खाली करून पाहिले तर दुसरेच जग दिसते. कमानींच्या बेचक्यांतून माकडे डोकावतात, मोर पिसारा पसरून बसतात, पानाफुलांच्या वेलबुट्टीतून पक्षी दिसतात. हे कोरीवकाम सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे. त्या वेळी शाळेची सूत्रे जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे होती. हेच ग्रिफिथ्स १८७२ पासून पुढे तेरा वर्षे आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत होते. एकीकडे अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत दिव्याच्या उजेडात रेघ ओढायची आणि दुसरीकडे बोरीबंदरला दगडावर छिन्नी चालवायची, अशी त्या शाळेची ती वर्षे. कल्पना साहेबाची असली तरी माकड कसे बसते आणि आपल्याकडचे पान कसे वळते, हे हातांना ठाऊक होते. दर्शनी भागावर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे जे अर्धपुतळे आहेत त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय आहेत, हेही लक्षात ठेवावे. पागोटे घातलेला आपला नाना शंकरशेट तिथे शोभेसाठी बसलेला नाही. या देशात आगगाडी यावी म्हणून खटपट करणाऱ्यांपैकी तो एक होता, म्हणून तिथे आहे. त्याचे तिथे असणे हा त्या जागेचाच इतिहास आहे.

२००४ साली युनेस्कोने ही इमारत जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. परदेशी पाहुण्यांना ती दाखवताना स्टीव्हन्सचे नाव सांगितले जाते. छिन्नी चालवणाऱ्या पोरांची नावे मात्र त्या दगडावर नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी साहेबाच्या राज्यात असे झाले तर नवल नाही. आज तेच होते याचे नवल वाटायला हवे.

आता वारलीचे पाहा. ही चित्रे मुळात भिंतीवरचीच, पण झोपडीच्या आतल्या भिंतीवरची. लग्नघरात सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते, आणि तो चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणली, जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. डहाणू रोड स्टेशनवर वारली चित्र असेल तर ते त्या मातीचे आहे. डहाणूची बाई माथ्यावर भाजीची पाटी घेऊन फलाटावर उतरते तेव्हा ती भिंत तिच्याशी बोलते. पण तीच चित्रे साच्यातून पांढरा रंग फासून वाटेल त्या स्टेशनवर उमटू लागली की ती साडीच्या काठासारखी होतात. त्या काठाला सुरुवात नाही, शेवट नाही, आणि मधे देवीही नाही. कामाचा दर चौरस फुटावर ठरला की चित्रही चौरस फुटाचेच होते.

पुण्याने याच्याही पुढे मजल मारली. मेट्रोच्या छत्रपती संभाजी उद्यान आणि डेक्कन जिमखाना या दोन स्टेशनांना मावळ्यांच्या पगडीचा आकार दिला आहे. नदीच्या पुलावरून पाहिले तर पगडी छान दिसते, पुणेकर ती पाहुण्यांना दाखवतातही. पण जो रोज त्या स्टेशनात चढतो-उतरतो त्याच्या वाट्याला पगडीचा आतला भाग येतो. (पुण्यात पगडीखाली काय आहे हे पाहण्याची पद्धत पूर्वीपासूनच नाही, असे एखादा मुंबईकर म्हणेल; मी म्हणणार नाही.) मावळ्यांविषयी आदर कुणाला नाही? पण हे स्टेशन मुठेच्या काठावर उभे आहे, आणि मुठेच्या काठाला स्वतःचा एक दिवस आहे. १२ जुलै १९६१. बांधकाम पुरते व्हायच्या आतच पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पाणी पुण्यात शिरले. लकडी पूल पाण्याखाली गेला. पेठांतले वाडे बसले, हजारो संसार एका दिवसात उघड्यावर आले. नंतर शहर वाढले ते कितीतरी अंशी त्या पुराने उठवलेल्या माणसांमुळे. डेक्कनच्या स्टेशनात, खाली जिन्याजवळच्या खांबांवर, त्या दिवशी पाणी कुठवर चढले होते तिथे एक निळी रेघ ओढावी आणि शेजारी तारीख लिहावी. बाकी काही नको. त्या रेघेपाशी उभे राहून आपली उंची मोजणारे मूल घरी जाऊन आजीला विचारील, आणि आजी असेल तर सांगेल. खर्चाच्या दृष्टीनेही पगडीपेक्षा रेघ स्वस्त.

इतिहास म्हटला की आपल्याला गड, तलवार आणि पगडी एवढेच आठवते, हे आपल्या शाळांचे यश म्हणावे की अपयश, कोण जाणे. मुंबईच्या चिंचपोकळी, करी रोड, परळ, लोअर परळ या स्टेशनांवरून मी आयुष्यातली कित्येक वर्षे गेलो-आलो. खिडकीतून दिसणाऱ्या चिमण्या एकेक करून कमी होताना पाहिल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; तो विरत गेला आणि त्याच्याबरोबर एक अख्खे गाव विरले. फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे, कमला मिलच्या आवारात कार्यालये आणि हॉटेले आहेत. सकाळी लोअर परळच्या पुलावरून जी गर्दी उतरते तिच्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की याच वाटेने पूर्वी भोंग्याच्या तालावर दुसरी गर्दी उतरत असे, खांद्यावर टॉवेल आणि हातात डबा घेऊन? कोकणातून आणि घाटावरून आलेले हे लोक दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपत. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी गुंडाळली जाई. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायका चालवत, आणि त्याच बायकांना बरोबर घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. हा इतिहास कुठल्या गडावर घडला नाही. तो या चार स्टेशनांच्या जिन्यांवर घडला. भोंगा, चिमणी, माग, डबा, वळकटी, गणपतीतला गिरणगावाचा मांडव, भजनी मंडळाचे टाळ. चित्रकाराला याहून काय हवे?

उरलीसुरली खूण असते ती नावाची, आणि नावेही बदलतात. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या काही स्टेशनांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्यात करी रोडला लालबाग आणि कॉटन ग्रीनला काळाचौकी ही नावे सुचवली आहेत. लालबाग हे नाव लोकांच्या तोंडचे आहे आणि करी हे रेल्वेच्या एका साहेबाचे. तिथे माझे काही म्हणणे नाही. कॉटन ग्रीनचे मात्र मला वाईट वाटते. त्या इंग्रजी नावात साहेब नाही, कापूस आहे. मुंबईचा कापसाचा बाजार पूर्वी किल्ल्यातल्या हिरवळीवर भरे, पुढे तो कुलाब्याला गेला आणि १९२० च्या दशकात तिथून शिवडीच्या बाजूला आला. येताना तो आपले नावही घेऊन आला. वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्याचा कापूस ज्या वखारींत उतरला, ज्याच्यावर या शहराने पहिले पैसे मिळवले, त्याची आठवण त्या दोन शब्दांत आहे. पाटी बदलायची असेल तर बदला. पण मग निदान एका भिंतीवर कापसाच्या गाठी राहू द्या, त्या उचलणारा हमाल राहू द्या.

स्वीडनच्या राजधानीचे, स्टॉकहोमचे उदाहरण इथे आठवते. तिथल्या भुयारी रेल्वेत १९५७ पासून कलावंतांना काम दिले जाते, आणि शंभरेक स्टेशनांपैकी नव्वदांहून अधिक स्टेशनांत कलाकृती आहेत. त्यांतले एक स्टेशन जिथे आहे त्या परिसरात पूर्वी माकालोस नावाचा राजवाडा होता. तो १८२५ मध्ये जळाला. त्या वाड्याच्या शिल्पांच्या प्रतिकृती स्टेशनच्या गुहेत ठेवल्या आहेत, म्हणजे वर जे उरले नाही ते खाली भेटते. पण मला अधिक भावते ते मध्यवर्ती स्टेशन. १९७५ मध्ये पेर उलोफ उल्टवेट या चित्रकाराने तिथल्या खडबडीत खडकावर निळ्या वेली काढल्या, आणि छताच्या एका भागात माणसांच्या निळ्या छायाकृती काढल्या. ही माणसे म्हणजे ते स्टेशन खणणारे आणि बांधणारे कामगार. राजा नाही, सेनापती नाही. शिडीवर चढलेला, हातात हत्यार धरलेला माणूस. मुंबईच्या पोटातून आता भुयारी मेट्रो धावते. तिचे बोगदे ज्यांनी खणले ते बिहार, झारखंड, ओडिशाकडचे मजूर पुढच्या कामावर निघून गेले असतील. त्यांची एखादी छायाकृती काढायला कुठे फार जागा लागते?

आता वाचकांपैकी कुणी म्हणेल, आणि त्यांचे म्हणणे मला ऐकू येते आहे, की साहेब, आधी पूल रुंद करा, मग चित्रे काढा. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर पावसाने अडकलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. कामावर निघालेली माणसे. पुढे लष्कराला बोलावून फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पूल खुला झाला आणि त्याच वर्षी स्टेशनचे नाव प्रभादेवी झाले. त्या पुलावर उभे राहून कुणी चित्रकलेच्या गोष्टी सांगू लागला तर त्याला खाली ढकलावेसे वाटेल, आणि ते बरोबरच आहे. पूल आधी. यात वाद नाही. जिना, पंखा, पाणी, बायकांसाठी स्वच्छ मोरी हे सारे आधी.

पण हा हिशेब मांडताना एक गोष्ट आपण विसरतो. स्टेशनवरची भिंत कधीच रिकामी राहत नाही. चित्र काढले नाही तर तिथे जाहिरात येते, सिमेंटची, क्लासची, गृहसंकुलातल्या तरणतलावाची. जो माणूस तासभर लोंबकळत येऊन पाच मिनिटे फलाटावर उभा राहतो, त्याला ती पाच मिनिटे आपण काय पाहायला देतो? आज आपण त्याला न परवडणाऱ्या घराचे चित्र दाखवतो, तेही जिथे त्याच्या बापाची गिरणी होती तिथेच. पुलाचे पैसे चित्रावर खर्च करा असे कुणीच म्हणत नाही. जाहिरातीसाठी विकल्या जाणाऱ्या दहा भिंतींपैकी एक भिंत विकू नका, इतकीच मागणी आहे.

आणि ती भिंत न विकण्याचा शब्द पाळलाही पाहिजे. एका उपनगरी स्टेशनवर, नाव कशाला, मोठ्या हौसेने काढलेल्या चित्रातल्या कोळणीच्या कपाळात चार महिन्यांत फलकाचा खिळा बसलेला मी पाहिला आहे. वरून केबलींचा जुडगा, खाली कचऱ्याचा डबा. रंगवायला निधी असतो, राखायला नसतो.

दुसरी गोष्ट कलावंताच्या मोबदल्याची. ऑक्टोबर २०१७ मध्ये बिहारमधल्या मधुबनी स्टेशनच्या भिंती शंभराहून अधिक स्थानिक कलावंतांनी रंगवल्या, सात हजार चौरस फुटांच्यावर. काम सुंदर झाले. दुसऱ्या वर्षी रेल्वेने देशभरातल्या सुशोभित स्टेशनांची स्पर्धा घेतली तिच्यात मधुबनीला दुसरे बक्षीस मिळाले. (पहिले बक्षीस आपल्या बल्लारशाह आणि चंद्रपूरला होते. तिथे ताडोबाचे वाघ आणि आदिवासी कला भिंतींवर आहे, आणि दिल्ली-मद्रास मार्गावरच्या प्रवाशाला आपण जंगलाच्या मुलखात आलो हे डबा न सोडता कळते. वाघाइतकाच कोळसाही त्या मुलखाचा आहे, एवढे फक्त नोंदवतो.) मधुबनीचे हे काम श्रमदानाने झाले. श्रमदान हा शब्द आपल्याला फार गोड वाटतो. पण सिमेंटच्या ठेकेदाराकडे, पंखे बसवणाऱ्याकडे कुणी श्रमदान मागत नाही. मिथिलेच्या खेड्यातल्या बाईकडेच ते का मागावे? मोबदला द्यावा, आणि खाली कोपऱ्यात नाव लिहू द्यावे. बोरीबंदरच्या पोरांना जे मिळाले नाही ते हिला तरी मिळू द्या.

विषय कोणते घ्यायचे, हे मुंबईत बसून ठरवू नये. मिरजेचेच पाहा. मिरजेचा फलाट म्हणजे तंबोऱ्याचा फलाट. तिथल्या शिकलगार घराण्यांनी शस्त्रांचे काम सोडून एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनवायला घेतली, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून त्यांचे तंबोरे केले. २०२४ मध्ये त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. याच मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले. ऑक्टोबर १९३७ मध्ये ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले असता वाटेत छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले, फलाटावरच बिछाना घालायला लावला, तंबोरा जुळवला आणि दरबारी कानड्यात प्रार्थना म्हणता म्हणता त्यांनी प्राण सोडला. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केले. गायकाचा शेवट एका फलाटावर, आणि त्याचे गाव एक रेल्वे जंक्शन. हे चित्र मिरजेच्या भिंतीवर काढायला कुठल्या समितीची परवानगी हवी? आणि त्या चित्रात तंबोरा अचूक हवा असेल तर तो तपासायला स्टेशनपासून फार लांब जावे लागणार नाही.

मिरजेहूनच आणखी एक गाडी निघाली होती. २०१६ चा उन्हाळा. लातूरला नळाला पाणी नव्हते. पाण्याच्या टाक्यांपाशी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली होती. राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात टाकीच्या वाघिणी आतून वाफेने धुतल्या, त्या मिरजेला आणून भरल्या, आणि १२ एप्रिलच्या पहाटे दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या. रेल्वेने या गाडीला 'जलदूत' म्हटले. लातूर स्टेशनवर चित्र काढायचे तर मी चित्रकाराला एवढेच सांगेन: पाट्यांवर कुठलाही पुढारी नको, इंजिनाला हार नको. रुळाला लागून उभ्या टाक्या, त्यांच्यापासून निघालेला नळ, आणि घागर घेऊन वाट पाहणारी माणसे. त्या वर्षी लातुरात जन्मलेली मुले आता चौथीचा इतिहास वाचून पुढच्या वर्गात गेली आहेत.